सिल्व्हर फरच्या वलयांतील १९८० ची राख

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक म्हटला, की एकाच दिशेला आडव्या झालेल्या हजारो खोडांची छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला, पर्वताची उत्तर बाजू घसरली आणि त्या बाजूने सुटलेल्या स्फोटाने सुमारे ६०० चौरस किलोमीटरवरचे जंगल झोपवले किंवा उभ्या उभ्या होरपळून टाकले. मात्र त्या पट्ट्याच्या पलीकडे, वारा राख घेऊन गेला त्या ईशान्येच्या आणि पूर्वेच्या बाजूला, जुने सूचिपर्णी जंगल जसेच्या तसे उभे राहिले. तिथे ना आग लागली, ना झाडे उन्मळली. फक्त राख पडली. या उभ्या राहिलेल्या झाडांच्या वाढीचे पुढे काय झाले, हे शोधणाऱ्या एका गटात मी काम केले आणि खोडातून नमुना काढण्यापासून लाकडात दरवर्षी बनणारी वलये मोजून त्यांचा अर्थ लावण्यापर्यंतची सगळी प्रक्रिया स्वतःच्या हातांनी केली. निष्कर्ष छापून येतात. पण ते हाती कसे लागतात, आणि त्यांतला कोणता भाग भक्कम व कोणता जपून वापरण्याजोगा असतो, हे सहसा लिहिले जात नाही. म्हणून हे लेखन.

आम्ही काम केले तो भाग कॅस्केड पर्वतरांगेतील सिल्व्हर फर या सूचिपर्णी वृक्षाच्या पट्ट्यातला, साधारण ९०० ते १,५०० मीटर उंचीवरचा. सिल्व्हर फरच्या जोडीला वेस्टर्न हेमलॉक, वरच्या अंगाला माउंटन हेमलॉक, खालच्या अंगाला डग्लस फर आणि मधून मधून नोबल फर असे हे जंगल आहे, आणि काही शतके वयाची झाडे त्यात सर्रास दिसतात. राखेची जाडी डोंगरापासूनच्या अंतरानुसार आणि दिशेनुसार बदलते: काही ठिकाणी १५ सेंटिमीटर व त्याहूनही जास्त, पुढे चार-पाच सेंटिमीटर, आणि आणखी पुढे जेमतेम हाताला लागेल एवढा थर. त्यामुळे झाडाला हात लावण्याआधी जागा निवडण्यातच पुष्कळ वेळ जातो. राख जाड पडलेली जागा, पातळ पडलेली जागा आणि जिथे राख जवळजवळ पडलीच नाही अशी जागा, या तिन्हींची उंची, उताराचे तोंड, झाडांची जात आणि वय शक्य तितके सारखे असावे लागते. जंगलात असे तंतोतंत सारखेपण कधीच मिळत नाही. मिळेल त्यातले सर्वांत जवळचे निवडायचे आणि उरलेला फरक लिहून ठेवायचा, एवढेच हाती असते. जंगल संरक्षित असल्यामुळे परवाना घ्यावा लागतो आणि किती झाडांना छिद्र पाडणार हेही त्यात आधीच नमूद करावे लागते. त्यामुळे प्रत्येक झाड विचार करूनच निवडले जाते.

जागा ठरल्यावर आम्ही प्रथम खड्डा घेतला. माझ्या मते या कामातला सर्वांत बोलका भाग हाच, आणि ज्याला वलयांतच रस आहे त्यानेही तो कधी टाळू नये. वरचा गळलेल्या सुयांचा आणि फांदीच्या तुकड्यांचा थर हाताने बाजूला सारला की करड्या-पांढुरक्या रंगाची, पिठासारखी बारीक राख लागते. ती दाबून घट्ट झालेली असते आणि करणीच्या टोकाने तिचे पापुद्रे निघतात. तिच्याखाली वाटाण्याएवढे, वजनाला हलके प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे, खडे येतात. त्याच्याही खाली एकदम काळसर, मऊ थर लागतो. तो १९८० च्या मे महिन्यातला जंगलाचा पृष्ठभाग. त्यातल्या सुया, शंकूंच्या पाकळ्या, फांद्यांचे तुकडे आजही वेगवेगळे ओळखता येतात. बारीक मुळे कुठे आहेत हे इथे नीट पाहावे लागते. जुन्या थरातली जाडसर मुळे आपल्या जागी आहेत, आणि काही नवी, पांढरी मुळे वर चढून राखेत पसरली आहेत, असे आम्हाला अनेक खड्ड्यांत दिसले. खोडाचा खालचा भाग राखेत गाडला गेला की काही झाडे त्या गाडलेल्या भागातूनच नवी मुळे सोडतात. सेंट हेलेन्सच्या राखेत सूचिपर्णी वृक्षांच्या आठ जातींनी असे केल्याची नोंद उद्रेकानंतर लवकरच झाली होती.

खड्डा आणखी खाली नेला तर या पर्वताच्या आधीच्या उद्रेकांचे थरही लागतात. त्यांतला एक १८०० सालचा आणि दुसरा, बराच मोठा, १४८० च्या सुमाराचा. ही सालेसुद्धा झाडांनीच सांगितलेली आहेत. त्या काळी जिवंत असलेल्या जुन्या डग्लस फर वृक्षांच्या वलयांत वाढ एकाएकी खुंटल्याच्या खुणा सापडल्या, आणि मोठ्या थराचा उद्रेक १४७९ चा वाढीचा हंगाम संपल्यानंतर व १४८० चा सुरू होण्यापूर्वी झाला, इतक्या नेमकेपणाने तो काळ ठरवता आला. राखेने वाढ खुंटते ही गोष्ट या जंगलात निदान पाच शतके लिहिली जात आहे, एवढे त्या खड्ड्याच्या भिंतीत एका नजरेत दिसते, आणि मला त्याचे अजूनही अप्रूप वाटते.

नमुना काढण्याचे साधन म्हणजे इन्क्रिमेंट बोअरर. ही पोलादाची पोकळ, टोकाला आटे असलेली नळी असते आणि तिची मूठच तिचा डबाही असतो. साधारण छातीच्या उंचीवर साल हाताने चाचपून, गाठ किंवा जखम नसलेली जागा निवडायची, आट्यांना थोडे मेण लावायचे, आणि नळी खोडाच्या मध्याच्या रोखाने सरळ दाबून फिरवायला सुरुवात करायची. पहिले काही वेढे सर्वांत कठीण असतात. आटे एकदा लाकडात बसले की नळी स्वतःच आत ओढली जाते. उतारावरच्या झाडाला नमुना कधीही उताराच्या दिशेने घेत नाहीत, आडव्या बाजूंनी घेतात. कारण सूचिपर्णी झाड झुकले की सावरण्यासाठी खालच्या अंगाला दाट, गडद, रुंद वलयांचे लाकूड बनवते आणि ती रुंदी हवामानाचीही नसते, राखेचीही नसते. नळी पुरेशी आत गेली की पन्हाळीसारखी अरुंद पट्टी तिच्यात सरकवायची, मूठ अर्धा वेढा उलटी फिरवायची, आणि कट् असा बारीक आवाज झाला की नमुना खोडापासून सुटला असे समजायचे. पट्टीबरोबर जी लाकडाची कांडी बाहेर येते ती जाडीला जेमतेम पाच मिलिमीटर असते. ओली असताना तिच्यावरची वलये अस्पष्ट दिसतात, पण सालीजवळची शेवटची काही दशके किती दाटीने बसली आहेत, हे त्याच क्षणी कळते. जुन्या सिल्व्हर फरचा गाभा पुष्कळदा कुजलेला असतो. तिथवर पोहोचले की मूठ अचानक सैल होते आणि तिथेच थांबावे लागते, नाहीतर नळी आत अडकते. आम्हाला १९८० च्या आधीची शे-दीडशे वर्षे आणि नंतरची सगळी हवी होती, त्यामुळे गाभा हाती आला नाही तरी बहुतेक वेळा काम भागत होते. छिद्र आम्ही बुजवत नाही. झाड स्वतःच ते राळेने भरते.

कांडी कागदी नळीत घालून तिच्यावर जागा, झाड, बाजू आणि तारीख लिहायची. प्लास्टिकची नळी चालत नाही, ओल अडकून बुरशी धरते. प्रत्येक झाडापाशी आम्ही आणखी एक नोंद करत असू, आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरली. ती म्हणजे शेंड्याची स्थिती: पर्णसंभार किती दाट, वरच्या फांद्या सुकलेल्या आहेत का, फांदीवर किती जुन्या सुया टिकून आहेत. वादळाने खाली पडलेली सिल्व्हर फरची ताजी फांदी उचलून तिच्यावरच्या दरवर्षीच्या वाढीच्या खुणा मागे मागे मोजत गेले, तर सावलीतल्या फांदीवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सुयाही हिरव्या सापडतात. डग्लस फरच्या किंवा हेमलॉकच्या फांदीवर हे मोजणे पाच-सात वर्षांत संपते.

या फरकाचे महत्त्व समजण्यासाठी राख झाडावर काय करते ते पाहावे लागते. ज्वालामुखीची राख म्हणजे फुटलेली काच आणि खडकाचा भुगा. पावसाने भिजून वाळली की ती घट्ट बसते. सिल्व्हर फरच्या फांद्या पसरट आणि सुया दाट असल्यामुळे त्यांवर ती सहज साठते. या झाडाची पर्णरंध्रे सुईच्या खालच्या बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्यांत असतात, त्यामुळे वरून पडलेल्या राखेने ती सरसकट बुजत नाहीत. पण प्रकाश अडतो, सुईचे तापमान वाढते आणि वाऱ्याने फांद्या हलताना धारदार कण सुईच्या मेणचट आवरणाला घासतात. उद्रेकानंतर कित्येक वर्षे जुन्या सुयांवर राख चिकटून राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. १९८० नंतर फुटलेल्या सुया मात्र स्वच्छच आल्या. म्हणजे ज्या झाडाच्या सुया पाच-सहा वर्षांत बदलतात, त्याचा पर्णसंभार तेवढ्या काळात जवळजवळ नवा होतो, आणि ज्याच्या सुया वीस वर्षे टिकतात त्याला तो बदलायला तेवढाच काळ लागतो. त्यात झाड फार जुने असेल तर दरवर्षी नवी फूटच थोडी येते. तरुण झाड वाढीच्या जोरावर राखेतून बाहेर पडते. म्हाताऱ्या सिल्व्हर फरला जुन्या, राखेने माखलेल्या सुयांवरच वर्षानुवर्षे दिवस काढावे लागतात. एरवी ज्या काटकसरीमुळे हे झाड सावलीत आणि थोड्या अन्नावर शतके काढते, तीच काटकसर इथे त्याच्यावर उलटली, असे माझे मत झाले आहे.

प्रयोगशाळेतले काम संथ आहे. वाळलेली कांडी खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत, धागे उभे राहतील अशा रीतीने, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवायची. धागे जरा तिरके बसले तर पेशींची तोंडे दिसत नाहीत आणि वलयाची सीमा पुसट होते. डिंक वाळला की घासायला सुरुवात. पॉलिश पेपर भरडापासून सुरू करून क्रमाने बारीक करत ६०० नंबरपर्यंत न्यायचा आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले आहेत याची भिंगातून खात्री करायची. नीट घासलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी सुटी दिसते: हंगामाच्या सुरुवातीच्या मोठ्या, पातळ भिंतींच्या फिकट पेशी, आणि हंगाम संपताना बनलेल्या लहान, जाड भिंतींच्या गडद पेशी. गडद रेघ संपून फिकट रांग सुरू होते ती वर्षाची सीमा.

या नजरेने १९८० चे वलय पाहणे हा वेगळाच अनुभव असतो. त्या वर्षी १८ मे रोजी वरच्या उतारांवर अजून बर्फ होते आणि तिथल्या झाडांच्या सालीखालची वाढ सुरूही झालेली नव्हती. म्हणजे तो संपूर्ण हंगाम त्यांनी राखेखालीच काढला. राख जाड पडलेल्या जागेवरच्या काही सिल्व्हर फरमध्ये त्या वर्षाच्या फिकट पेशींच्या मोजक्याच ओळी आणि त्यांना टेकून गडद पेशींची एकच पुसट ओळ दिसत होती. त्याच जागेवरच्या हेमलॉकमध्ये मात्र ते वलय शेजारच्या वलयांहून फारसे वेगळे नव्हते.

पण ‘ते वलय १९८० चेच’ असे म्हणण्याचा अधिकार नुसते मोजून मिळत नाही. संकटातले झाड आपले अन्न आधी कळ्यांना, सुयांना आणि मुळांना देते. खोडाची जाडी वाढवणे ही त्याची शेवटची गरज असते. अन्न फारच कमी पडले तर छातीच्या उंचीवर त्या वर्षी लाकूड बनतच नाही आणि वलय गायब होते. सालीपासून आत मोजत गेल्यास अशा प्रत्येक गायब वलयामागे तारीख एका वर्षाने सरकते, आणि आपल्याला ज्या काळात रस आहे नेमक्या त्याच काळात वलये गायब होतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचा रुंद-अरुंद वलयांचा क्रम इतर नमुन्यांशी, विशेषतः राख न पडलेल्या जागेवरच्या झाडांशी, जुळवून घ्यावा लागतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत घडवली आणि १९३७ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा उभी राहिली. आजही या शास्त्राचा कणा हीच पद्धत आहे. आम्ही आधी ठळक अरुंद वर्षे आलेख-कागदावर हाताने उतरवून जुळवली, नंतर सूक्ष्मदर्शकाखाली सरकणाऱ्या मोजपट्टीवर प्रत्येक वलय मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले, आणि मग ‘कोफेचा’ या संगणक-कार्यक्रमाने पडताळले. हा कार्यक्रम नमुन्याचे पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे घेऊन ते बाकीच्या नमुन्यांच्या सरासरीशी कितपत मिळतात ते सांगतो आणि एखादा तुकडा वर्षभर पुढे-मागे सरकवल्यास अधिक चांगला जुळतो का, हेही दाखवतो. तो शंका दाखवतो, निर्णय देत नाही. दाखवलेल्या प्रत्येक शंकेसाठी पट्टी पुन्हा भिंगाखाली घ्यावीच लागते, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूच्या नमुन्यात ते हरवलेले वलय केसाएवढ्या रेघेच्या रूपात सापडले की पुढची सारी वर्षे आपापल्या जागी बसतात.

मोजणी संपल्यावर खरा वादाचा भाग येतो. झाड जसजसे जाड होते तसतशी वलये आपोआप अरुंद होत जातात, म्हणून वयाचा हा कल काढून टाकण्यासाठी मोजमापांतून एक वक्र बसवतात आणि प्रत्येक रुंदीला त्या वक्राच्या किमतीने भागतात. वक्र किती लवचीक ठेवायचा हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण राखेच्या अभ्यासात सगळे त्यावरच अवलंबून असते. लवचीक वक्र घेतला तर १९८० नंतरची दहा-पंधरा वर्षांची घसरणही तो वयाचा कल समजून आपल्यात सामावून घेतो, आणि उत्तर येते की राखेचा परिणाम एक-दोन वर्षांतच ओसरला. ताठ वक्र घेतला तर ती घसरण तशीच शिल्लक राहते. आम्ही वक्र केवळ १९७९ पर्यंतच्या वलयांवर बसवून पुढे तसाच वाढवला, म्हणजे राखेनंतरच्या वर्षांना आपला मानदंड स्वतःच ठरवता येऊ नये. या पद्धतीलाही मर्यादा आहेत, वक्र जितका पुढे ओढावा तितका तो कमी विश्वासार्ह होतो. तरी मी तिच्याच बाजूची आहे, आणि राखेवरचा कोणताही आलेख समोर आला की आधी त्यातला वक्र कसा बसवला ते पाहते.

दुसरा गोंधळ हवामानाचा. या उंचीवर वसंतात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिले की वाढीचा हंगाम आखडतो आणि वलय अरुंद होते. तेव्हा १९८० नंतरचे एखादे अरुंद वलय राखेचे की बर्फाचे, हे वेगळे करावे लागते. राख न पडलेल्या जागा इथे कामी येतात: हवामान दोन्हीकडे जवळपास सारखे, राख एकीकडेच. शिवाय १९८० पूर्वीच्या नोंदींवरून बर्फ आणि उन्हाळी तापमान यांचा वलयांशी असलेला संबंध काढून, पुढच्या वर्षांत केवळ हवामानामुळे वलय केवढे असायला हवे होते याचा अंदाज बांधता येतो आणि प्रत्यक्ष वलय त्याहून किती कमी पडले ते पाहता येते. उद्रेकामुळे हवाच थंड झाली असेल, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकाने पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते, पण सेंट हेलेन्सने वातावरणात सोडलेला गंधक त्या मानाने फारच थोडा होता. इथली घसरण स्थानिक आहे, आणि ती राखेच्या जाडीप्रमाणे बदलते.

हे सर्व वजा केल्यावर आमच्या आलेखांत जे उरले ते असे. जाड राखेच्या जागेवरच्या जुन्या सिल्व्हर फरची वाढ १९८० मध्येच खाली आली आणि पुढे दीर्घकाळ खालीच राहिली. त्यांतली काही झाडे हळूहळू सावरली, तर काहींची वलये वर्षागणिक बारीक होत गेली. ज्यांचा शेंडा विरळ झाल्याची नोंद आम्ही जंगलात केली होती ती झाडे बहुतेक दुसऱ्या गटातली निघाली. हेमलॉक आणि डग्लस फरमध्ये घसरण अल्पकाळाची होती, किंवा हवामानाच्या चढउतारांतून वेगळी काढण्याइतकी स्पष्टच नव्हती. सेंट हेलेन्सच्या ईशान्येला मोठ्या सिल्व्हर फरचे शेंडे विरळ होत चालल्याचे आणि ती झाडे मरत असल्याचे १९८० च्या दशकातच लक्षात आले होते आणि १९९० च्या दशकात त्यावर तपशीलवार काम प्रसिद्ध झाले होते. आमची वलये त्याच्याशी मिळतीजुळती आहेत.

जमिनीतल्या राखेचा वाटा यात किती, हे सांगणे अधिक अवघड आहे. वरचा बारीक थर घट्ट बसल्याने पाणी आणि हवा खाली जाण्यास अडथळा होतो, आणि सिल्व्हर फरची बारीक मुळे बरीचशी वरच्या थरातच असतात. राखेत नत्र जवळजवळ नसते, त्यामुळे ती पडताच जमिनीला खत मिळाले असे होत नाही. तिच्यातील खनिजे झिजून, विघटित होऊन मुळांना मिळायला फार मोठा काळ जावा लागतो. उलट बाजूही आहे. राखेखाली ओल टिकते, आणि जमिनीलगतच्या वनस्पती दडपल्या गेल्याने त्यांची स्पर्धा काही वर्षे कमी होते. डोनाल्ड झोबेल आणि जोसेफ अँटोस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८० पासूनच या जुन्या जंगलांत चौकटी आखून जमिनीलगतच्या वनस्पतींची दशकानुदशके नोंद ठेवली. काही सेंटिमीटर राखेतून अनेक झुडपे आणि मऊ खोडाच्या लहान वनस्पती वर आल्या, शेवाळ मात्र थोड्या राखेनेही मेले, आणि जाड थराखाली त्या लहान वनस्पतीही बहुतेक मेल्या. अलास्कात नोव्हारुप्ता ज्वालामुखीच्या १९१२ च्या उद्रेकात कोडियाक बेटावर सुमारे ३० सेंटिमीटर राख पडली होती, तरी तीन वर्षांनी तिथे गेलेल्या रॉबर्ट ग्रिग्ज या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याच राखेतून जुन्या मुळांनी फुटून वर आलेली दाट हिरवळ दिसली. म्हणून ‘राखेने झाडांची हानी होते’ किंवा ‘राखेने जमीन सुपीक होते’ अशी सरसकट विधाने मी आता करत नाही. राख किती बारीक, किती जाड, वर्षाच्या कोणत्या दिवसात पडली, खाली बर्फ होते की नाही, झाडाची जात कोणती आणि वय किती, हे विचारल्याशिवाय उत्तर सुरूच होत नाही. १९८० मध्ये तर बर्फाखाली दबलेली सिल्व्हर फरची आणि माउंटन हेमलॉकची रोपे स्फोटाच्या पट्ट्यातही वाचली, आणि त्यांच्यावरची शतकांची झाडे मेली.

या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मेलेल्या झाडांचा आहे. सुरुवातीला आखणी फक्त जिवंत झाडांची होती, कारण त्यांचे शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे हे ठाऊक असते आणि नमुना चांगला निघतो. पण राखेने ज्यांची सर्वाधिक हानी केली ती झाडे आज जिवंतच नाहीत. केवळ वाचलेल्यांची वलये मोजली तर राखेचा परिणाम होता त्यापेक्षा सौम्य दिसणार, हे आमच्या मार्गदर्शिका बाईंनी ठामपणे मांडले आणि आखणी बदलली. उभ्या मेलेल्या सिल्व्हर फरचे लाकूड लवकर कुजते, बाहेरची वलये पावडरीसारखी झडतात आणि बोअररने काढलेली कांडी हातातच तुटते. जिथे साल अजून चिकटून आहे तिथेच नमुना घ्यायचा, तो तुटला तर तुकड्यांची टोके एकमेकांना जुळतात का हे जागेवरच पाहायचे आणि जुळत नसतील तर तसे लिहायचे, असा नियम आम्ही केला. अशा झाडांची तारीख पूर्णपणे जिवंत झाडांशी जुळवण्यावरच अवलंबून असते, आणि शेवटच्या वर्षांत वलये गायब होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वाधिक असल्यामुळे ते जुळवणे सर्वांत किचकट ठरते. सालीलगतचे शेवटचे वलय १९८६ चे निघाले, तरी झाड १९८६ मध्येच मेले असे म्हणता येत नाही, कारण छातीच्या उंचीवर लाकूड न बनवताही ते आणखी काही वर्षे हिरवे राहिलेले असू शकते. म्हणून आम्ही मृत्यूचे वर्ष असा रकाना न ठेवता ‘शेवटचे वलय’ असा रकाना ठेवला, आणि मेलेली झाडे मिळवून आलेख पुन्हा काढले. जिवंत झाडांच्या सरासरीत १९८० नंतर जी वाढ सावरताना दिसत होती, तिचा काही भाग झाडे सावरल्यामुळे नसून दुबळी झाडे मोजणीतून निघून गेल्यामुळे होता, हे त्या दोन आलेखांतील अंतरावरून दिसले.